देवनहळ्ळीची वाट आणि विजेची विद्या

बंगळूरहून बल्लारीच्या हमरस्त्याने उत्तरेकडे निघाले की हेब्बाळ आणि यलहंका मागे टाकल्यावर देवनहळ्ळी लागते. आपल्या मंडळाच्या सभासदांना हे गाव आज मुख्यत्वे विमानतळामुळे परिचित आहे. २४ मे २००८ रोजी येथील विमानतळ सुरू झाला आणि पुण्यामुंबईहून नातवंडांना भेटावयास येणाऱ्या आजीआजोबांचे पहिले पाऊल बंगळुरात नव्हे, तर देवनहळ्ळीच्या मातीवर पडू लागले. त्यापूर्वी या गावाची ओळख म्हणजे १५०१ साली मल्लबैरेगौडाने बांधलेला किल्ला, टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि येथील नामांकित चकोते, म्हणजे आपली पपनसे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र किल्ला नाही, टिपू नाही आणि पपनसही नाही. या वाटेने गेल्या सुमारे दीडशे वर्षांत एका विद्येची जी ये-जा झाली, तिचा हा अल्पसा वृत्तांत आहे.

बंगळुरातील मराठी माणसाला पुष्कळदा असे वाटते की, आपण येथे पोटासाठी आलेले पाहुणे आहोत. शहाजीराजांना १६३८ नंतर बंगळूरची जहागीर मिळाली हा इतिहास आपण सभासंमेलनांतून अभिमानाने सांगतो. पण एखाद्या इलेक्ट्रिकल इंजिनियरला त्या जहागिरीचा आधार कितीसा वाटणार? त्याचे येथील नाते निराळ्या मार्गाने जुळलेले आहे, आणि गंमत अशी की, त्या मार्गावरचा पहिला प्रवासी इकडून तिकडे गेला.

देवनहळ्ळीच्या पुढे पंचवीस-तीस किलोमीटरांवर, नंदीच्या डोंगरापलीकडे चिक्कबळ्ळापूरजवळ मुद्देनहळ्ळी नावाचे खेडे आहे. तेथून बंगळूरला येणारी वाट देवनहळ्ळीवरूनच येते. या खेड्यातला एक गरीब घरचा मुलगा बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाला. त्याला अभियंता व्हावयाचे होते. परंतु म्हैसूर संस्थानात त्या वेळी अभियांत्रिकीचे महाविद्यालयच नव्हते. संस्थानने शिष्यवृत्ती दिली आणि मुलगा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. १८८३ साली एल्.सी.ई. परीक्षेत तो पहिला आला. हा मुलगा म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुढली चोवीस-पंचवीस वर्षे त्यांनी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात काढली. नाशिक, खानदेश, पुणे हा त्यांचा मुलूख झाला. खडकवासल्याच्या धरणावरील त्यांची स्वयंचलित दारे १९०३ सालची. म्हैसूरच्या या पुत्राला अभियंता केले ते पुण्याने, ही गोष्ट आपण सहसा सांगत नाही. ती सांगितली म्हणजे पुढची परतफेड नीट समजते.

विश्वेश्वरय्या हे स्थापत्य अभियंते. विजेशी त्यांचा संबंध आला तो पाण्याच्या द्वारे. म्हैसूर संस्थानात वीज त्यांच्या आधीच येऊन पोहोचली होती. दिवाण सर शेषाद्री अय्यर यांच्या कारकीर्दीत शिवनसमुद्र येथील कावेरीच्या धबधब्यावर वीज निर्माण करण्याची योजना आखली गेली. जॉली द लॉटबिनिएर या अभियंत्याने ती तडीस नेली, विजेची यंत्रे अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने पुरविली, आणि जून १९०२ च्या अखेरीस ही वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली. अंतर ९२ मैल! त्या काळच्या जगातील सर्वांत लांब विद्युत् वाहिन्यांमध्ये तिची गणना होई.

येथे थोडे शास्त्र सांगणे अवश्य आहे, कारण पुढली सारी कथा त्यावर उभी आहे. तारेतून वीज वाहू लागली की तार तापते आणि काही शक्ती वाटेतच वाया जाते. हा तोटा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. दाब दहापट वाढविला तर तेवढीच शक्ती पोहोचविण्यास प्रवाह एक-दशांश पुरतो आणि तोटा एक-शतांशावर येतो. म्हणून शिवनसमुद्रच्या वाहिनीत दाब ३५,००० व्होल्टपर्यंत चढविलेला होता. पण दाब चढवावयाचा तर रोहित्रे हवीत, रोधके हवीत, आणि मुख्य म्हणजे ती सांभाळणारी माणसे हवीत. वीज वाळत टाकलेल्या धोतरासारखी तारेवर सोडून देता येत नाही. तिच्याजवळ अहोरात्र कोणीतरी जागे असावे लागते. ५ ऑगस्ट १९०५ रोजी बंगळूरच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागले, तेव्हा अशा माणसांची गरज गावातही उत्पन्न झाली. आपल्या देशात आधी महाविद्यालय निघते आणि मग पदवीधरांना काम शोधावे लागते. बंगळुरात काम आधी आले आणि विद्या त्याच्या मागोमाग आली. या नगरीचे वैशिष्ट्य प्रस्तुत लेखकाला यातच दिसते.

विद्या आली ती मुंबईच्या पैशाने. जमशेटजी टाटांच्या संकल्पातून आणि म्हैसूर दरबारने दिलेल्या सुमारे ३७० एकर जमिनीवर १९०९ साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची स्थापना झाली. बंगळूरकर तिला आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’ म्हणतात. १९११ मध्ये विद्यार्थी घेण्यास प्रारंभ झाला तेव्हा तेथे जे मोजके विभाग होते त्यांत दोन रसायनाचे आणि एक विद्युत्-तंत्रविद्येचा. आल्फ्रेड हे हे त्या विभागाचे पहिले प्राध्यापक. त्याच सुमारास टाटांचेच विजेचे दुसरे स्वप्न सह्याद्रीत आकार घेत होते. लोणावळ्याच्या परिसरात अडविलेले पाणी खोपोलीस उतरवून १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. एकाच घराण्याने घाटाखाली वीज काढली आणि विजेची पाठशाळा मात्र बंगळूरच्या पठारावर घातली.

मुंबईत तंत्रशिक्षण नव्हते असे नव्हे. १८८७ साली निघालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट एल्.एम्.ई. आणि एल्.ई.ई. या पदविकांसाठी प्रसिद्ध होती. जुन्या मराठी घरांतील पाट्यांवर नावापुढे ही तीन अक्षरे अभिमानाने कोरलेली असत. ट्रामगाड्या, गिरण्या आणि १९२५ पासून विजेवर धावू लागलेल्या आगगाड्या यांनी त्या पदविकाधारकांना कामही भरपूर दिले. परंतु जो बी.एस्सी. होऊन पदार्थविज्ञानात रमलेला आहे आणि ज्याला विजेचे शास्त्र मुळापासून शिकावयाचे आहे, त्याने जावे कोठे? त्याच्यासाठी टाटा इन्स्टिट्यूटचे दार होते. विज्ञानाच्या पदवीधराला विद्युत्-तंत्रविद्येचा अभ्यासक्रम पुरा करून येथे अभियंता होता येई. ए.आय.आय.एस्सी. किंवा डी.आय.आय.एस्सी. ही त्याची बिरुदे. १९५८ साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यावर त्यांच्या जागी रीतसर पदव्या आल्या. इकडे विश्वेश्वरय्यांनी दिवाण या नात्याने १९१७ मध्ये बंगळूरचे अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापिले. म्हैसूरच्या मुलाला पुण्याची वाट धरण्याचे कारण त्यामुळे उरले नाही. १९११ पासून बांधला जाणारा कृष्णराजसागर शेतीसाठी होता तसाच शिवनसमुद्रच्या यंत्रांना बारमाही पाणी मिळावे म्हणूनही होता.

विजेची किंमत कोणी दिली, हाही प्रश्न इतिहासाने टाळू नये. १९२१ मध्ये मुळशी पेट्यातील मावळ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापती बापटांनी त्यासाठी तुरुंगवास पत्करला. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली आणि १९२७ पासून भिऱ्याची वीज मुंबईस पोहोचली. विजेच्या पाठ्यपुस्तकात हा धडा नसतो. देवनहळ्ळीकडे परत येऊ तेव्हा त्याची आठवण होईलच.

आता किर्लोस्करांकडे वळू. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हावयास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत असे आढळल्यावर यंत्रांच्या रेखनाकडे वळले, व्हिक्टोरिया ज्युबिलीत शिक्षक झाले, बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून बेळगावास सायकलींच्या दुकानात आले. कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर, मग १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी, ही कथा मराठी माणसाला पाठ आहे. या कारखान्याने १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे मासिकही काढले. नांगर विकणाऱ्यांनी मासिक चालवावे आणि ते घरोघर वाचले जावे, हा प्रकार इतरत्र क्वचितच आढळेल. उद्योगात मान आहे, कारखान्यात हात काळे करणे हलके नव्हे, हा विचार ज्या मराठी तरुणांच्या मनात रुजला, त्यांच्यापैकी कित्येकांनी तो प्रथम या मासिकात वाचला होता.

१९४१ मध्ये किर्लोस्करांचा यंत्रनिर्मितीचा कारखाना म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे उभा राहिला. पुढे १९४६ या एकाच वर्षी त्यांनी दोन कंपन्या काढल्या: पुण्यास किर्लोस्कर ऑइल एंजिन्स आणि बंगळूरला किर्लोस्कर इलेक्ट्रिक. जेथे वीज पोहोचलेली नाही तेथे तेलाचे एंजिन आणि जेथे पोहोचली आहे तेथे विजेची मोटर, अशी ही दुहेरी तयारी होती. बंगळूरच्या कंपनीची धुरा लक्ष्मणरावांचे चिरंजीव रवि किर्लोस्कर यांनी वाहिली. मोटर, जनित्र आणि रोहित्र ही तिची मुख्य निर्मिती.

राजाजीनगर-मल्लेश्वरमच्या बाजूचा तो कारखाना ही एक शाळाच होती असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मोटर बाहेरून दिसते ओतीव लोखंडाची पेटी. तिचा प्राण आत असतो. स्टेटरच्या खाचांत तांब्याच्या तारेची वेटोळी बसवावयाची, त्यांना वार्निश पाजावयाचे, भट्टीत भाजून काढावयाचे आणि मग चाचणीच्या बाकावर भार देऊन किती तापते ते पाहावयाचे. पुस्तकात मोटर ठरल्या दाबावर चालते. आपल्या खेड्यातील वाहिनीच्या शेवटच्या टोकाला मात्र दाब उतरलेला असतो. तेवढेच पाणी उपसण्यासाठी मोटर मग अधिक प्रवाह ओढते, वेटोळी तापतात, वार्निश करपते आणि शेतकरी म्हणतो, मोटर जळाली. हे ज्याला कळले तो तांबे किती घालावे आणि हवा कशी खेळवावी याचा हिशेब निराळ्या रीतीने मांडू लागतो. पदवीधराला हा हिशेब कागदावर येई, पण त्याचा अर्थ कळे तो वाइंडिंगच्या विभागात, खाकी कपड्यांतल्या जुन्या कारागिराजवळ उभे राहून.

आपल्यापैकी ज्यांचे वडील वा आजोबा पदविका घेऊन या शहरात आले, त्यांनी घरी ऐकलेले असेल की पदवी आणि पदविका यांच्यामधली भिंत कारखान्यात किती उंच होती. पदविकाधारक पर्यवेक्षक म्हणून लागे आणि पुष्कळदा पर्यवेक्षक म्हणूनच निवृत्त होई. नव्याने आलेल्या पदवीधराला काम शिकवून त्यालाच साहेब म्हणण्याची वेळ त्याच्यावर येई. कित्येकांनी दिवसा पाळी करून रात्री ए.एम्.आय.ई.ची पुस्तके वाचली. त्या परीक्षेने जितकी मध्यमवर्गीय घरे वर काढली, तितका तिचा गौरव आपल्या लेखनात झालेला नाही. १९६१ च्या उमेदवारी कायद्याने आय.टी.आय.च्या मुलांना कारखान्याचे दार थोडे अधिक उघडे झाले.

किर्लोस्करांखेरीज आणखी एका नावाने महाराष्ट्र आणि बंगळूर जोडलेले आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या साह्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापिली. इकडे सांगलीला धोंडुमामा साठ्यांच्या खटपटीने १९४७ साली एक अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि १९५५ पासून ते वालचंदांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. कृष्णाकाठच्या मुलाला विजेची पदवी आता घरापासून एका दिवसाच्या अंतरावर मिळू लागली. तोवर बंगळुरात सरकारी उद्योगांची रांग उभी राहत होती: टेलिफोनचा कारखाना १९४८ साली, भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ साली, विद्युत् यंत्रे व साधने तपासणारी केंद्रीय विद्युत् संशोधन संस्था १९६० साली. सांगली, पुणे, मुंबई, नागपूर येथल्या पदवीधरांना बंगळूरचे तिकीट काढण्यास एवढे पुरेसे होते. वसाहतीतील घर, कॅन्टीनचे जेवण आणि कारखान्याची बस यांवर एक सबंध पिढी येथे स्थिरावली. तिच्या मुलांनी शाळेत कन्नड शिकले आणि घरात मराठी राखले.

मुलींची वाट अधिक बिकट होती. १९३३ साली कमला भागवत, पुढच्या कमला सोहोनी, मुंबईहून जीवरसायनासाठी टाटा इन्स्टिट्यूटमध्ये आल्या तेव्हा स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. हट्टाने त्यांनी तो मिळविला, तोही पहिल्या वर्षी अटींवर. विषय विजेचा नसला तरी दार तेच होते. १९५३ मध्ये राजेश्वरी चटर्जी तेथल्या विद्युत् दळणवळण विभागात अध्यापक झाल्या. त्यानंतर वीस वर्षांनी हुबळीच्या भूमरेड्डी महाविद्यालयातून विजेची पदवी घेतलेली शिग्गावची एक कुलकर्णी या संस्थेत संगणकशास्त्राचे उच्च शिक्षण घेत होती. १९७४ साली सूचनाफलकावर पुण्याच्या टेल्कोची जाहिरात लागली. स्त्रियांनी अर्ज करू नये अशी त्यात ओळ होती. मुलीने थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले, मुलाखतीचे बोलावणे आले आणि ती पुण्यास रुजू झाली. सुधा मूर्ती यांची ही हकीकत आता सर्वांना ठाऊक आहे. येथे नोंदवावयाचे ते एवढेच की, विश्वेश्वरय्यांप्रमाणे ही वाटही बंगळूरकडून पुण्याकडेच गेली.

आणि लगोलग उलटलीही. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बंगळूरला आली. तिचे अध्वर्यू नारायण मूर्ती म्हैसूरच्या महाविद्यालयाचे विद्युत् पदवीधर. बंगळुरात जन्मलेले नंदन नीलेकणी मुंबईच्या आय.आय.टी.तून विजेची पदवी घेतलेले. दोघांनीही मोटर बनविली नाही. १९८५ साली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सने येथे रचनाकेंद्र उघडले आणि नखाएवढ्या चकतीवर मंडले आखण्याचे काम सुरू झाले. विजेचा अभियंता तांब्याकडून सिलिकॉनकडे, आणि पुष्कळदा सिलिकॉनकडून नुसत्या आज्ञावलीकडे वळला. यात वाईट काय? पगार चांगला मिळाला, मुले परदेशी गेली, घरे झाली. परंतु दुसऱ्या बाजूस बैय्यप्पनहळ्ळीचा एन्.जी.ई.एफ.चा कारखाना नव्या शतकाच्या आरंभी बंद पडला. किर्लोस्कर इलेक्ट्रिकची निर्मिती अन्य ठिकाणी गेली, आणि राजाजीनगरच्या जुन्या जागेवर आज ब्रिगेड गेटवेचे मनोरे आणि ओरायन मॉल उभे आहेत. जेथे वेटोळी भाजली जात तेथे आपण आता चित्रपट पाहावयास जातो.

संगणकशास्त्र मिळाले नाही म्हणून विद्युत् शाखा घेतली, हे वाक्य गेल्या तीस वर्षांत आपल्या घराघरांतून ऐकू आले. प्रस्तुत लेखकाला ते खटकते. काम आधी आणि विद्या मागून, हा बंगळूरचा जुना क्रम होता. मधल्या काळात महाविद्यालये वाढत गेली आणि बाक, भट्टी, चाचणी ही दूर गेली. पदवी हे केवळ प्रवेशपत्र झाले.

हा क्रम पुन्हा फिरतो आहे काय, हे पाहावयाचे तर देवनहळ्ळीलाच जावे लागेल. विमानतळाच्या परिसरात जानेवारी २०२४ मध्ये बोइंग कंपनीचे ४३ एकरांवरील अभियांत्रिकी केंद्र सुरू झाले. तैवानच्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात २०२५ मध्ये मोबाइल फोन तयार होऊ लागले. विमानातील विद्युत् यंत्रणा, विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या मोटरी, सौर विजेला जाळ्याशी जोडणारी शक्ति-इलेक्ट्रॉनिकी या सर्वांना जुन्याच विद्येची गरज आहे: प्रवाह, दाब, उष्णता आणि रोधन. तांब्याचा हिशेब अजून सुटलेला नाही.

मात्र मुळशीची आठवणही येथेच होते. देवनहळ्ळी तालुक्यातील चन्नरायपट्टण होबळीतल्या १३ गावांची १,७७७ एकर जमीन विमान-उद्योगासाठी घेण्याचे ठरले होते. शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून अधिक काळ धरणे धरले आणि १५ जुलै २०२५ रोजी कर्नाटक सरकारने हे संपादन सोडून दिल्याचे जाहीर केले. मुळशीच्या मावळ्यांना जे साधले नाही ते येथल्या रयतेला साधले. आपल्या मुलांना ज्या कारखान्यांत नोकऱ्या हव्या आहेत त्यांच्यासाठी जमीन कोणाची जाते, हे मराठी माणसाने तरी विसरू नये.

हा सारा वृत्तांत मोठ्या नावांचा झाला. ज्यांनी प्रत्यक्ष वेटोळी मोजली, चाचणीचे आकडे टिपले, रात्रपाळीत स्विचयार्ड सांभाळले, त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत. ती आपल्या कपाटांत आहेत. १९४६ नंतर आलेली पहिली पिढी गेली, दुसरी आता ऐंशीच्या घरात आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाने एक काम हाती घ्यावे, अशी विनंती आहे. सभासदांनी आपल्या घरातील नेमणुकीची पत्रे, उमेदवारीचे दाखले, एल्.ई.ई. आणि ए.एम्.आय.ई.ची प्रमाणपत्रे, हिशेबाच्या वह्या आणि कारखान्यातील समूहछायाचित्रे यांच्या प्रती मंडळाकडे द्याव्यात. मूळ कागद घरीच राहू द्यावेत. छायाचित्र देण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवून प्रत्येक चेहऱ्याचे नाव, विभाग आणि साल विचारून घ्यावे व ते मागील बाजूस शिसपेन्सिलीने लिहावे. शाई कालांतराने पुढच्या बाजूस उमटते.